मारुती ८००: हेडला फेस मारून आणला, आता कॅमशाफ्ट फिरेना

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं चालेनासं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी मारुती ८००, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. वडिलांनी घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी, त्यामुळे विकायचा प्रश्नच येत नाही.

गेल्या महिन्यात आंबा घाट चढताना रेडिएटरचा खालचा होज फुटला. काट्याकडे लक्ष जाईपर्यंत दोन-तीन किलोमीटर तशीच चढवली होती. हेड गॅस्केट गेलं, डिपस्टिकला दुधाच्या चहासारखं ऑइल. आता उघडलंच आहे तर पूर्ण करू म्हणून रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप सगळं केलं. ब्लॉकचं काम झालं, क्रँक एका हाताने लोण्यासारखा फिरतोय.

हेड (सिलिंडरांवरचं झाकण, वॉल्व आणि कॅम यातच बसतात) लेथवाल्याकडे दिलं होतं. बाक आलाय म्हणाला, ०.३० मि.मी. फेस मारला (खालचा पृष्ठभाग कापून सपाट केला), वॉल्व लॅप करून (पेस्टने सीटवर घासून) दिले. घरी आणून स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून पाहिलं, ०.०५ चा फिलर (फट मोजायची पातळ पत्ती) कुठेच जात नाही. मारुतीची मर्यादाही ०.०५ च आहे, म्हणजे फेस पास.

काल कॅम (वॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट) घालायला घेतला. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने सरकवला, आधी अगदी सुळकन गेला. शेवटचं दोन बोटं अंतर राहिलं आणि अडला. लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बसवला. आता पुली लावून हाताने फिरवतो तर अर्धा फेरा बराच जड, अर्धा त्यामानाने हलका. रॉकर (कॅमच्या जोरावर वॉल्व दाबणारे दांडे) नाहीत, बेल्ट नाही, सीलसुद्धा अजून घातलेलं नाही. जर्नलला (कॅमचे हेडमध्ये टेकून फिरणारे गोल भाग) भरपूर ऑइल लावलंय.

कॅम जुनाच, याच हेडमधला. हेड टेबलावर आहे. कुठून बघायला सुरुवात करू?

---

दहानंबरपाना | रविवार, रात्री १०:०५

ठोकून बसवलात तिथे थांबलात हे बरं केलंत. आता आणखी फिरवू नका.

दोन गोष्टी सांगा. उघडताना कॅम कसा फिरत होता आणि बाहेर काढताना कसा आला? आणि लेथवाल्याकडून आल्यावर बोअर (कॅम ज्या भोकांत फिरतो ती) धुतले होते का? लॅपिंग पेस्ट कॅमच्या बोअरमध्ये उतरलेली मी स्वतः पाहिली आहे.

---

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १०:२५

धुतलं होतं. आधी डिझेलने, मग पेट्रोलने, ऑइलची भोकं तारेने साफ करून हवा मारली. आत्ता कॅम पुन्हा काढला. बोअरवर बोट फिरवलं, खरखर कुठेच नाही.

उघडतानाचं आठवून सांगतो. बेल्ट आणि रॉकर काढल्यावर हेड ब्लॉकवर बोल्ट केलेलं असताना कॅम हाताने आरामात फिरत होता. मग बोल्ट सोडून हेड टेबलावर घेतलं, आणि कॅम बाहेर काढताना ओढून काढावा लागला. सील चिकटलं असेल म्हणून मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

---

घाटरस्ता | रविवार, रात्री १०:४०

एवढं काही नाही हो. जर्नलला हजार नंबरचा पेपर मारा, ऑइल लावून थोडा वेळ ड्रिलने फिरवा. आपोआप वाट करतो. आणि गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम फुगतं, तेव्हा मोकळा होणारच.

---

लेथवरचा | सोमवार, सकाळी ६:५०

घाटरस्ता, रागावू नका, पण हे कृपा करून कुणी करू नये. या हेडमध्ये कॅमला बेअरिंग नाही. जर्नल थेट अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये, ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ड्रिलने रगडलं की अ‍ॅल्युमिनियम सोलून जर्नलला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की ते स्वतःच पुढचं बोअर खरवडत जातं. पेपर मारून जर्नल बारीक केला तर तिथून ऑइल निसटणार आणि रॉकरला कमी पडणार. हेडही जाईल आणि कॅमही.

पंचगंगाकाठ, तुमचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या पोस्टमध्ये आहे. बोल्ट केलेलं असताना मोकळा, टेबलावर घेतल्यावर घट्ट. हे वाक्य लेथवाल्याला सांगितलं असतं तर त्याने फेस मारायच्या आधी हात आखडता घेतला असता. निदान घ्यायला हवा होता.

काय होतं ते सांगतो. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. पाणी गेलं की हेड भयंकर तापतं, लांबीत वाढायला बघतं, पण बोल्टांनी जखडलेलं असतं. जागा मिळत नाही म्हणून मधून वर उचललं जातं. थंड झाल्यावर तो बाक तसाच राहतो. आणि बाक एकट्या खालच्या फेसला येत नाही, सगळं हेडच केळ्यासारखं होतं. खालचा फेस, कॅमची बोअरं, वरची टॅपेट कव्हरची कड, सगळं एकत्र.

ब्लॉकवर बोल्ट होते तोवर ते हेडला खाली ओढून जवळपास सरळ धरत होते, म्हणून कॅम फिरत होता. सोडल्यावर हेड आपल्या खऱ्या आकारात आलं. लेथवाल्याने त्या वाकड्या हेडचा फक्त खालचा फेस कापून सपाट केला. बोअरांची रांग वाकडी ती वाकडीच. आणि आता खालचा फेस सपाट असल्याने बोल्ट कितीही आवळले तरी ती सरळ होणार नाही.

खात्री करायची तर सोपं आहे. टॅपेट कव्हर बसतं ती वरची कड कुणी मशिनवर घेतलेली नसते. गॅस्केटचा चिकटा नीट खरवडून तिच्यावर स्ट्रेट एज ठेवा. मध्ये टेकून दोन्ही टोकं अधांतरी राहिली तर फिलरने मोजा आणि इथे लिहा.

---

भोसरीकर | सोमवार, सकाळी ९:१५

लेथवरचा यांच्याशी सहमत. मी इन्स्पेक्शनमध्ये आहे, एक भर घालतो.

'अर्धा फेरा जड, अर्धा हलका' वाचलं की बहुतेकजण लगेच कॅम वाकलाय म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. सरळ बोअरांमध्ये वाकडा कॅम घातला तर तो सगळा फेरा सारखाच जड जाईल, कारण त्याचा बाक त्याच्याबरोबरच फिरतो आणि बोअरला सगळ्या बाजू सारख्या. वाकड्या बोअरांमध्ये सरळ कॅम घातला तरी सगळा फेरा सारखाच जड. एका जागी जड आणि समोरच्या जागी हलका कधी? दोन्ही वाकडे असतील तेव्हा. दोघांचे बाक एका दिशेला आले की हलका, उलट दिशेला गेले की जड. जर्नलवर एखादी ठोक किंवा बर (धातूचा बारीक उंचवटा) असेल तरी असं होऊ शकतं, तेवढं आधी पाहून घ्या.

म्हणून कॅम व्ही ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा, मधल्या जर्नलवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून हळूहळू पूर्ण फेरा फिरवा. सुझुकीची मर्यादा ०.१० मि.मी. आहे. आणि भंगारवाल्याकडे ८०० चा एखादा चांगला कॅम उसना मिळाला तर फारच उत्तम. तो घालून पाहा. सगळा फेरा सारखाच जड गेला तर दोष नक्की हेडचा.

गरम झाल्यावर मोकळा होईल का याचा हिशोबही करून टाकू. ३० मि.मी.चा जर्नल आणि ८० अंशांची वाढ धरा. अ‍ॅल्युमिनियम आणि बीड यांच्या पसरण्यातला फरक अंशाला दहा लाखात ११-१२. म्हणजे प्ले (मोकळीक) वाढणार जेमतेम ०.०३ मि.मी. बाक ०.२० असेल तर त्याने काय होणार? आणि बाक काही गरम होऊन सरळ होत नाही.

---

वर्कशॉपताई | सोमवार, दुपारी १:३०

मी नाशिकला वडिलांचं गॅरेज चालवते. पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहून ठेवते: ८०० च्या हेडमध्ये कॅम बाजूने सरकवायचा असतो, म्हणून कॅपची (कॅमला वरून धरणाऱ्या तुकड्यांची) भानगड नाही. नंतरच्या के१०बी सारख्या इंजिनात कॅम वरून बसतो आणि कॅप असतात. तिथे कॅम आखडला की मी आधी कॅपच बघते. प्रत्येक कॅपवर नंबर आणि बाण असतो. कॅप त्यांच्याच जागी ठेवून बोअर केलेल्या असतात, त्यामुळे एक जरी अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तरी कॅम जाम. आणि कॅप एकेक करून पूर्ण आवळायच्या नाहीत, मधून बाहेर जात थोड्या थोड्या आवळायच्या. नाहीतर तिरका दाब येऊन कॅमच तुटतो.

पंचगंगाकाठ दादा, वरची कड मोजलीत का? मलाही उत्सुकता आहे.

---

जीपवाला_सातारा | सोमवार, रात्री ८:००

विषय थोडा वेगळा आहे, पण लक्षण तेच. माझी महिंद्रा सीजे ३बी, हरिकेन इंजिन. तिचा कॅम ब्लॉकमध्ये असतो, चार ठिकाणी टेकलेला. पुढची एक व्हाइट मेटलची बुश (बेअरिंगची नळी), बाकी तीन जागा थेट ब्लॉकच्या बिडात. गेल्या वर्षी ती पुढची बुश बदलली आणि कॅम आतच जाईना. कारण अगदी साधं होतं. नवी बुश दाबून बसवली की ती किंचित आवळते. बसवल्यानंतर रीमर मारूनच (आतून बारीक कापून) मापाला आणायची असते. मी डब्यातली बुश म्हणजे तयार माल समजलो होतो.

दुसरी गोष्ट, गिअर आणि थ्रस्ट प्लेट लावल्यावर जर कॅम अडत असेल तर बोअरकडे न बघता एंड प्ले (कॅमची मागे-पुढे मोकळीक) बघा. त्या इंजिनात तो ४ ते ७ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) लागतो. माझ्या एका मित्राने स्पेसर घालायचा विसरून दोन दिवस बुशला दोष दिला होता.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अर्धी रजा टाकून उद्यमनगरात गेलो होतो. ओळखीतल्या एका टूलरूममध्ये सरफेस प्लेट आणि डायल वापरायला मिळाला.

वरची कड: स्ट्रेट एज मध्यावर टेकतो आणि चक्क झुलतो. दोन्ही टोकं सारखी धरून मोजली, दोन्हीकडे ०.२० चा फिलर सरकन गेला, ०.२५ चा नाही.

कॅम: व्ही ब्लॉकवर मधल्या जर्नलवर डायलचा काटा एकूण ०.०६ फिरला. म्हणजे मर्यादेत आहे, पण अगदी सरळही नाही. ठोक, बर कुठे नाही.

मग भंगारातून आणलेला दुसरा कॅम तपासला. त्याचा काटा ०.०१ सुद्धा फिरला नाही. तो हेडमध्ये घातला आणि फिरवला. भोसरीकर, तुम्ही म्हणालात तस्संच. सगळा फेरा सारखाच जड, कुठेही हलका नाही.

तिथल्या मिस्त्रींनी जर्नलला ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून मॅचिंगही करून दाखवलं. कॅम घालून दोन फेरे फिरवले आणि काढला. मधल्या बोअरला निळा डाग फक्त खालच्या बाजूला, टोकाच्या बोअरांना फक्त वरच्या बाजूला. मिस्त्रींनी काही न बोलता हाताची ओंजळ पालथी करून दाखवली, की असा बाक आहे.

आता पुढे काय? हेड टाकून द्यायचं का? जुनं हेड मिळतंय, पण त्याचा इतिहास कुणाला माहीत. नवं बघावं तर शोधाशोध. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं की लाइन बोअरिंग (सगळी बोअरं एका रेषेत नव्याने कापणं) करून देतो.

---

लेथवरचा | बुधवार, सकाळी ६:३०

लाइन बोअरिंग या हेडला करू नका. कॅप असलेल्या हेडला कॅप घासून बोअर लहान करता येतं आणि पुन्हा मूळ मापाला बोअर करता येतं. तुमच्या हेडची बोअरं अखंड आहेत. ती सरळ करायची म्हणजे मोठीच होणार, आणि मोठ्या जर्नलचा कॅम आणणार कुठून?

हेड सरळ करा. होतं ते, मी केलंय. वॉल्व, स्प्रिंगा, सीलं, प्लग, सगळं काढून हेड अगदी नागडं करायचं. ४०-५० मि.मी. जाडीची मशीन केलेली स्टीलची प्लेट घ्यायची. हेडचा फेस प्लेटवर, दोन्ही टोकांखाली शिम (मापाचे पातळ पत्रे), आणि मधल्या बोल्टांनी हेड प्लेटवर ओढून धरायचं. मग अख्खी जोडणी भट्टीत. २०० ते २५० अंशांच्या दरम्यान पाच-सहा तास, आणि भट्टीतच रात्रभर सावकाश थंड. गॅसच्या टॉर्चने एका जागी तापवून, प्रेसखाली दाबून करणारे आहेत. त्यांच्याकडे देऊ नका, तडा जातो.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे भट्टी शोधायला लांब जायला नको. फाउंड्रीत कोअर सुकवायच्या भट्ट्या याच तापमानाच्या असतात.

---

दहानंबरपाना | बुधवार, सकाळी ८:१०

पण मग खालचा फेस पुन्हा बिघडणार ना? मध्य ०.२० ने खाली आला की फेस फुगीर होणार, म्हणजे परत फेस मारणं आलं. आधीच ०.३० गेलंय. हेड किती बारीक करायचं?

---

भोसरीकर | बुधवार, सकाळी १०:००

मलाही आधी हीच भीती वाटली, म्हणून कागदावर मांडून बघितलं.

पहिला ०.३० चा कट सगळीकडे ०.३० लागलेला नाही. हेडचा मध्य वर उचललेला होता, म्हणून टोकांना पूर्ण ०.३० आणि मध्याला जेमतेम ०.१० गेलं. याचा अर्थ आत्ता एक आणि तीन नंबरचे चेंबर उथळ झालेत आणि दोन नंबरचा जवळपास मूळ खोलीचा आहे. हेड असंच बसवलं असतं तर कॅमचं सोडा, तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशनही एकसारखं राहिलं नसतं.

हेड सरळ केल्यावर मध्य ०.२० ने पुढे येईल आणि दुसरा कट मुख्यतः मध्यालाच लागेल. टोकांना फक्त साफ होण्यापुरता. शेवटी सगळीकडे मिळून अंदाजे ०.३५ गेलेलं असेल, आणि एकसारखं. चेंबरचा पसारा ३० चौरस सें.मी. धरला तर प्रत्येकी सुमारे १ सीसी. एका सिलिंडरच्या २६५ सीसीपुढे हे चालून जाईल. दुसरा कट मारणाऱ्याला एवढंच बजावा की साफ झालं की थांब, मापासाठी जास्त घेऊ नको.

आधी सरळ करून मग फेस मारला असता तर हेच काम ०.०५ मध्ये झालं असतं. वाईट वाटतं.

---

वर्कशॉपताई | बुधवार, दुपारी २:२०

भट्टीतून आल्यावर व्हॉल्वचे गाइड आणि सीट पुन्हा तपासा. सीट रिंग हलल्या आहेत का बघा आणि लॅपिंग परत करा, आधीचं धरू नका. फाउंड्रीत हार्डनेस तपासायची सोय असेल तर तीही करून घ्या. फार तापलेलं हेड मऊ पडतं, मग गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं आणि माणूस गॅस्केटला शिव्या घालतो.

---

पंचगंगाकाठ | पुढच्या आठवड्यात, शनिवार, रात्री ११:१५

उशिरा लिहितोय, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टी मिळाली. टूलरूमच्या मिस्त्रींनी प्लेट दिली आणि स्वतः बरोबर आले. पहिल्या वेळी टोकांखाली ०.२५ चे शिम घातले. २२० अंश, सहा तास. सकाळी सोडलं तर वरच्या कडेवर अजून ०.१० बाक शिल्लक. हेड परत थोडं उसळलं होतं. मिस्त्री म्हणाले, लोखंड असो की अ‍ॅल्युमिनियम, जेवढं वाकवाल तेवढं कधीच राहत नाही, जरा जास्तच वाकवावं लागतं. दुसऱ्या वेळी ०.४० चे शिम, तेवढेच तास. सोडल्यावर ०.०३ चा फिलर कसाबसा जात होता.

फेस मारण्याआधीच कॅम घालून पाहिला. माझा जुनाच, ०.०६ वाला. शेवटच्या दोन बोटांवर मी नकळत हातोडीकडे हात नेला होता. गरजच पडली नाही. स्वतःच्या वजनाने सरकल्यासारखा आत गेला. पुली न लावता, नुसत्या पुढच्या टोकाला दोन बोटं धरून फिरवला. अख्खा फेरा एकसारखा.

मग ०.२५ चा कट. मशिनवाल्याने स्वतःहून दाखवलं की आधी मध्यालाच चकाकी येतेय आणि शेवटी कुठे टोकं साफ होतायत. भोसरीकर, तुमचा कागद मी त्याला दाखवला. हार्डनेस ठीक निघाली. एक नंबरची एक्झॉस्ट सीट किंचित गळत होती, ती परत लॅप केली.

आज दुपारी हेड चढवलं. मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळलं. प्रत्येक टप्प्यानंतर कॅम फिरवून पाहिला, मोकळाच. संध्याकाळी रॉकर, बेल्ट, टॅपेट. वडील शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते. सेल्फ मारला, तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. रॉकरपर्यंत ऑइल येतंय का ते कव्हर काढून पाहिलं, येतंय.

लेथवरचा काका, कधी कोल्हापूरला आलात तर घरी जेवायलाच या.

---

लेथवरचा | रविवार, सकाळी ६:४०

येईन नक्की. वडिलांना नमस्कार सांगा.

पाचशे किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पुन्हा बघा, सीट बसल्यावर गॅप कमी होतो. आणि दोन्ही होज, क्लिपा, थर्मोस्टॅट, फॅनचा स्विच नवीन घातलेत ना? ते लिहिलं नाहीत.

---

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ७:३०

होज आणि क्लिपा नवीन. थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टाकून तपासला, उघडतोय. फॅनचा स्विच जुनाच आहे. आज आणतो.